मोटरहोमच्या पाण्याची टाकी : प्रकल्प नोंदी

४ मार्च

गाडी ताब्यात आली. इंजिन, टायर आणि वायरिंग दादा बघतोय, पाण्याचं सगळं माझ्याकडे. टाकी पॉलिथिलीनची, दुधी रंगाची, १२० लिटरची, मागच्या पलंगाखाली बसवलेली. तिथून पंप, पंपापासून एक फाटा गिझरला, आणि पुढे स्वयंपाकाचा नळ, बेसिन, शॉवर. शिवाय गाडीच्या बाहेरच्या अंगाला पाय धुवायचा एक छोटा नळ आहे. तो इतका घट्ट बसलाय की बरीच वर्षं कुणी फिरवला नसावा.

आधीच्या मालकांनी टाकी अर्धी भरलेली तशीच सोडली होती. ग्लासात काढलं तर पाणी नितळ. दादा म्हणाला, "चांगलं दिसतंय की गं." पण नितळ दिसण्यावर मी काही ठरवणार नाही. या गाडीतून आई येणार आहे. तिचं वय ७५ आणि मधुमेह आहे. दादाची धाकटी अजून वर्षाची झालेली नाही. ज्या पाण्याने आमचं दोन दिवस पोट बिघडून थांबेल, त्याच पाण्याने या दोघींना दवाखाना गाठावा लागेल.

५ मार्च

टाकी रिकामी केली. निचऱ्याची तोटी तळापासून बोटभर वर आहे, त्यामुळे पाणी यायचं थांबलं तरी आत काही लिटर राहतातच. दादाने पलीकडची चाकं फळ्यांवर चढवली, तोटीचा कोपरा सगळ्यात खाली आणला, तेव्हा ते उरलेलं बाहेर आलं. पिवळसर, गाळ असलेलं. आधीच्या नितळ पाण्याशी त्याचं काहीच नातं दिसत नव्हतं. यापुढे टाकी रिकामी करायची ती गाडी अशी कलती करूनच.

मग पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी उघडली. जाळीत प्लास्टिकचा पांढरा कीस अडकलेला होता. टाकीला भोकं पाडताना तो आत पडतो आणि कुणी काढत नाही. त्या किसावर साय धरावी तसा तपकिरी थर. चिमटीत चोळला तर बुळबुळीत. बोटाला लागलेला थर वाहत्या नळाखाली धरला तरी निघेना, नखाने खरवडावा लागला.

सगळा प्रश्न या थराचा आहे. पाण्यातले जंतू पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्याच्या आत वाढतात. याला बायोफिल्म म्हणतात. पाण्यात थोडं क्लोरीन असलं तरी ते आवरणाच्या वरच्या भागातच खर्ची पडतं, आत पोचत नाही. आणि या थरातून जंतू सुटून नव्या पाण्यात जात राहतात. म्हणजे टाकी भरली, हलवली, ओतून दिली, याला धुणं म्हणता येत नाही. चांगलं पाणी आणून या टाकीत भरलं की ते दुसऱ्या दिवशी या टाकीचं पाणी होतं.

९ मार्च

टाकीला हात आत जाईल असं तोंडच नव्हतं. वरच्या बाजूला १५० मिलिमीटरचं आट्यांचं झाकण बसवलं. पॉलिथिलीनला साधा गोंद किंवा सीलंट नीट धरत नाही, म्हणून रबरी गॅस्केट आणि स्टीलचे नट-बोल्ट. गॅस्केट पिण्याच्या पाण्याला चालणाऱ्या रबराचं घेतलं. कापताना दादाने व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड करवतीला लावून धरलं होतं, कारण पुन्हा तोच कीस आत नको.

टॉर्च लावून आत बघितलं. खिडकीकडच्या भिंतीवर, पाण्याच्या जुन्या पातळीपर्यंत, हिरवट शेवाळाचा पट्टा. पलीकडच्या अंधाऱ्या भिंतीवर शेवाळ अजिबात नाही, पण बोट फिरवलं तर तीच बुळबुळ. शेवाळाला उजेड लागतो, जंतूंना लागत नाही. म्हणून टाकी काळ्या शीटने झाकायची हे ठरलंच, पण तेवढ्याने समाधान मानायचं नाही.

हवेच्या नळीचं बाहेरचं टोकही तपासलं. जाळी फाटलेली. डासाला आत जायला एवढी वाट पुरते. बारीक स्टीलची जाळी क्लिपने आवळून बसवली. भरायच्या तोंडाचं झाकणही बदललं, आता कुलूप लागतं.

घासायला मऊ स्पंज, लांब दांडी आणि साधं पाणी. तारेची घासणी नाही. तिने प्लास्टिकवर चरे पडतात आणि पुढचा थर त्या चऱ्यांतच बसतो.

१२ मार्च

आज पाइप. पंप ते नळ या वाटेवरच्या जुन्या नळ्या पिवळ्या पडल्या होत्या, आतून हाताला बुळबुळीत लागत होत्या. सगळ्या बदलल्या, पिण्याच्या पाण्यासाठीच्याच घेतल्या.

बाहेरचा तो पाय धुवायचा नळ मात्र काढूनच टाकला. त्याच्याकडे जाणारा जवळजवळ दीड मीटरचा पाइप कायम भरलेला आणि कायम थांबलेला. बाकी सगळं कितीही धुतलं तरी या आंधळ्या पाइपातलं पाणी जागचं हलत नाही आणि तिथून जंतू उलटे मुख्य वाटेवर येतात. नुसती तोटी काढून बूच मारलं असतं तर पाइप तसाच राहिला असता. म्हणून फाटा जिथून निघतो तिथेच कापून बंद केला.

दादाला हे जरा जास्त वाटलं. त्याला लेजिओनेलाबद्दल सांगितलं. १९७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन होतं. तिथे आलेल्यांना न्यूमोनियाची साथ लागली, आणि तिच्यामागचा जंतू सापडला तेव्हा त्याला त्या संघटनेवरूनच नाव मिळालं. हा जंतू थांबलेल्या कोमट पाण्यात, साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसला, वाढतो. पाणी पिऊन सहसा काही होत नाही. शॉवरचे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेले की आजार होतो, आणि म्हातारी माणसं, मधुमेही यांना धोका जास्त. उन्हात उभी असलेली गाडी, महिनोन्महिने भरलेली टाकी, कोमट गिझर आणि एक शॉवर, हे सगळं आमच्याकडे होतं. दादाने मग स्वतःच शॉवरचं डोकं आणि त्याची नळी काढून नवी आणली.

१६ मार्च

पहिलं क्लोरिनेशन. हिशोब सोपा आहे. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर १ लिटर पाण्याला १ मिलिलिटर, म्हणजे लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम क्लोरीन, ५० पीपीएम. टाकी १२०, गिझर आणि पाइप मिळून २०, म्हणून १४० मिलिलिटर. ब्लीच सुगंध न घातलेलं, साधं, पातळ. सुगंधी किंवा घट्ट केलेल्या ब्लीचमध्ये इतर पदार्थ असतात, ते पिण्याच्या टाकीत नकोत. बाटली नवी घेतली, कारण ब्लीचची ताकद महिन्यागणिक कमी होते आणि उन्हात ठेवलं तर आणखी लवकर.

आधी गिझर बंद करून थंड केला. कार्बन फिल्टरची कांडी काढून ठेवली. ती तशीच राहिली तर क्लोरीन तिथेच संपतं आणि पुढच्या नळांपर्यंत काही पोचत नाही. हातमोजे, चष्मा, दारं-खिडक्या उघड्या. ब्लीच बादलीभर पाण्यात मिसळून अर्ध्या भरलेल्या टाकीत ओतलं आणि टाकी तोंडापर्यंत भरली, म्हणजे भरायची मान आणि टाकीची वरची बाजूही आतून भिजते. मग एकेक नळ, गार आणि गरम दोन्ही, क्लोरीनचा वास येईपर्यंत चालू ठेवला. शॉवर आणि संडासाचा फ्लशसुद्धा.

तपासणीचं किट डीपीडी या रसायनाचं आहे. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, जितकं गडद तितकं जास्त. दादाने टाकीतलं पाणी थेट नळीत घेऊन गोळी टाकली. क्षणभर गुलाबी झाक आली आणि गेली. "अगं, रंगच नाही. क्लोरीन संपलं की काय?" उलट आहे. क्लोरीन फार जास्त असेल तर ते त्या रंगालाच उडवून टाकतं आणि नळीतलं पाणी बिनरंगाचं दिसतं. म्हणून १० मिलिलिटर नमुना डिस्टिल्ड पाणी घालून ५०० मिलिलिटर केला आणि मग मोजलं. ०.९ आलं. पन्नासने गुणायचं, म्हणजे ४५.

चार तासांनी तसंच मोजलं. ०.२. म्हणजे १०.

हा आकडा मला आजच्या सगळ्या कामापेक्षा मोलाचा वाटतो. झाकण घट्ट, टाकी अंधारात, चार तासांत हवेने किंवा उजेडाने एवढं क्लोरीन जात नाही. ते कशाने तरी खाल्लं. जिथे माझा हात पोचत नाही, टॉर्च पोचत नाही, त्या कोपऱ्यांत आणि पाइपांत अजून थर आहे, आणि किती आहे हेच या घसरणीतून दिसतं. जिथेजिथे हा विषय निघतो तिथे किती ब्लीच घालायचं यावर खूप बोललं जातं. किती उरलं हे मात्र फार कमी लोक मोजतात.

१७ मार्च

पाणी सोडलं, सांडपाण्याच्या गटारात. ५० पीपीएमचं पाणी झाडाझुडपांत किंवा ओढ्यात सोडू नये, मासे मरतात.

टाकी पुन्हा उघडली. काल न हलणारा थर आज सैल झाला होता, स्पंजला तुकड्यांनी आला. कोपरे, तोटीची मान आणि पातळी दाखवणाऱ्या सेन्सरच्या कांड्या जुन्या टूथब्रशने घासल्या. सेन्सरच्या कांड्यांवरच सगळ्यात जाड थर होता, तो बघून मला वाईट वाटलं. इतकी वर्षं कुणीतरी हे पाणी प्यायलंय.

गिझरचा ॲनोड काढला, म्हणजे गिझरची टाकी गंजू नये म्हणून तिच्याऐवजी स्वतः झिजणारी धातूची कांडी. मॅग्नेशियमचा होता, झिजून काडी राहिलेली. गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो पुष्कळदा याच जागेवरून. काही जंतू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात आणि मॅग्नेशियमच्या ॲनोडमुळे त्यांचं फावतं. ॲल्युमिनियम-झिंकचा ॲनोड बसवणार, पण पुढचं क्लोरिनेशन संपल्यावर. तोवर त्या जागी बूच.

गिझरच्या तळाशी क्षार होते, त्यासाठी व्हिनेगर वापरलं आणि मग भरपूर पाण्याने धुतलं. ही दोन कामं कधीही एकत्र करायची नाहीत. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि मोटरहोमच्या आत तो जायला जागा नसते. अमोनिया असलेल्या क्लीनरचंही तेच, त्यातून क्लोरामाइनची विषारी वाफ येते.

१९ मार्च

दुसरं क्लोरिनेशन. तेच माप, तीच पद्धत. सुरुवातीला ४५, चार तासांनी ४०. आता खायला फारसं काही उरलेलं नाही.

मग धुणं. भरायचं, सगळ्या नळांतून सोडायचं, पुन्हा भरायचं. नळाचं पाणी आणि भरलेलं पाणी यांचं क्लोरीन सारखं आलं, ०.६, तेव्हा थांबलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात पिण्याच्या पाण्यात क्लोरीनची वरची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. दुसऱ्या टोकाला, नळाशी निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावं. माझी पट्टी यापुढे ०.२ ते १.

२३ मार्च

भरायची नळी. बागेची नळी टाकीत कधी घालायची नाही. तिच्या प्लास्टिकमधून चव आणि नको ते पदार्थ पाण्यात उतरतात. पिण्याच्या पाण्याची वेगळी घेतली, तिची दोन्ही टोकं एकमेकांत जोडून ठेवायची म्हणजे धूळ, किडे आत जात नाहीत. संडासाची टाकी धुवायची नळी निराळ्या रंगाची आणि निराळ्या कप्प्यात. दादाला मी हे चार वेळा सांगितलं असेल, पण ही एकच गोष्ट अशी आहे की एकदा चुकली तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात.

भरण्याआधी तिथल्या नळाचं तोंड ब्लीचच्या फडक्याने पुसायचं, मिनिटभर पाणी वाहू द्यायचं, मग नळी लावायची, आणि नळीतूनही थोडं वाहू देऊन मगच टाकी.

२४ मार्च

फिल्टर कुठे बसवायचा यावर दादाशी बराच वेळ बोलणं झालं. त्याचं म्हणणं, टाकीत जातानाच कार्बनमधून गाळून घेऊ, म्हणजे आत चांगलंच पाणी राहील. ऐकायला पटतं. पण कार्बन क्लोरीन काढून घेतो, आणि टाकीत क्लोरीनशिवाय थांबलेलं पाणी ठेवणं हेच तर टाळायचंय. तेव्हा भरताना फक्त गाळाचा फिल्टर. कार्बन स्वयंपाकाच्या नळाखाली, शेवटच्या टोकाला, पाणी भांड्यात पडण्याच्या अगदी आधी. त्याची कांडी १ मायक्रॉन ॲब्सोल्यूट घेतली, म्हणजे १ मायक्रॉनहून मोठे कण खात्रीने अडवणारी, कारण क्रिप्टोस्पोरिडियम या पोट बिघडवणाऱ्या परजीवीला क्लोरीन जवळजवळ काहीच करत नाही. त्याला गाळावंच लागतं किंवा उकळावं लागतं.

यूव्ही दिव्याचाही विचार झाला. चांगलाच आहे, पण दिव्यापुढे गेलेल्या पाण्यात राखणीला काही उरत नाही. टाकीचा प्रश्न त्याने सुटत नाही. नको.

२ एप्रिल

टाकी भरून काही दिवस तशीच ठेवली होती, मुद्दाम. नंतर स्वयंपाकाच्या नळाचा नमुना प्रयोगशाळेत दिला. बाटली त्यांचीच घ्यायची, आत सोडियम थायोसल्फेट असतं. ते क्लोरीनला तिथल्या तिथे थांबवतं, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतले जंतू क्लोरीननेच मरतील आणि अहवाल खोटा चांगला येईल. नळाची जाळी काढली, तोंड पुसलं, पाणी वाहू दिलं आणि बाटली बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी पोचवली.

४ एप्रिल

अहवाल आला. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय नाही, कोलिफॉर्म नाही, म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची खूण असणारे जंतू नाहीत. आईला फोन केला. या तपासणीत लेजिओनेला येत नाही हे मात्र लक्षात ठेवलंय. त्यासाठी गिझर ६० अंशांवर ठेवायचा, आणि ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं म्हणून शॉवरला मिक्सर व्हॉल्व्ह. आई आणि बाळ असताना व्हॉल्व्हशिवाय नाहीच.

११ एप्रिल

प्रवासात. टाकी पूर्ण भरली नाही. १२० लिटर म्हणजे १२० किलो वजन, आणि जे पाणी दोन-तीन दिवसांत संपणार नाही ते वाहून न्यायचंच कशाला. रोज सकाळी मी टाकीतला नमुना तपासते, फिल्टरच्या आधीचा, कारण नंतरच्या पाण्यात क्लोरीन नसतंच. भरताना ०.६ होतं, दुसऱ्या सकाळी ०.४. काल गाडी दिवसभर उन्हात होती आणि आज ०.२ च्या खाली गेलंय. उष्णतेने एवढा फरक पडतो.

टाकीत साधारण ६० लिटर उरलं होतं. ०.५ वाढवायचं तर ३० मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे ५ टक्क्यांचं ब्लीच ०.६ मिलिलिटर. सुई नसलेल्या सिरिंजने मोजलं, तांब्याभर पाण्यात मिसळून ओतलं, गाडी थोडी चालवली म्हणजे ढवळलं जातं. अर्ध्या तासाने ०.६. बाळाच्या दुधाचं पाणी वेगळंच, दर वेळी ताजं उकळलेलं.

१३ एप्रिल

आजच्या मुक्कामी पाणी झऱ्याचं. गार, गोड, नितळ. लोक भरून घेत होते. आम्ही टाकीत घेतलं नाही. वर काय आहे, गुरं कुठे जातात, काहीच ठाऊक नाही. आणि एकदा असं पाणी आत गेलं की टाकीपासून शॉवरपर्यंत सगळं पुन्हा पहिल्यापासून. लागलं तेवढं वेगळ्या कॅनमध्ये घेतलं, पाणी खळाखळा उकळू लागल्यावर एक मिनिट आणखी उकळलं. २,००० मीटरच्या वर असतो तर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. आई म्हणाली, "एवढं गोड पाणी उकळून चव घालवतेस." चव गेली हे खरं. पण प्यायली.

२० एप्रिल

गाडी आता काही महिने उभी राहणार. फळ्यांवर चढवून टाकी निथळवली. गिझर थंड झाल्यावर रिकामा. पाइपांच्या सगळ्यात खालच्या दोन्ही तोट्या उघड्या, नळ उघडे, पंप सुका होईपर्यंत थोडा चालवला. फिल्टरच्या कांड्या काढून फेकल्या. ओल्या कांडीत जंतू वाढतात, पुढच्या वेळी नवी. शॉवरचं डोकं काढून सुकत ठेवलं. टाकीचं झाकण जरा सैल, त्यावर जाळीचं कापड. जिथे पाणी गोठतं अशा ठिकाणी गाडी ठेवायची असेल तर पाइपांत प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ घालतात. इंजिनातलं एथिलीन ग्लायकॉल मात्र विषारी असतं, त्याचा थेंबही इथे नको.

पुढच्या प्रवासाआधी पुन्हा ५० पीपीएम, चार तास, आधी आणि नंतर मोजणं. घसरण ५ च्या आसपास असेल तर धुऊन भरायचं. १० च्या वर गेली तर टाकी उघडायची आणि सेन्सरच्या कांड्यांपासून सुरुवात करायची.